एचआयव्हीचा लोड दबलेला, गोळ्या चालू, तरी डोकं मंद का चालतं?

'हल्ली काही लक्षातच राहत नाही' ही तक्रार एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, नेहमीची आहे, आणि तिला तीन ठरलेली उत्तरं मिळतात: टेन्शन घेऊ नका, वय झालं आता, नाहीतर 'तो आजार डोक्यात गेलाय'. पहिली दोन उत्तरं देणारा पुढे काही तपासत नाही. तिसरं देणारा माणसाला घाबरवून सोडतो आणि तोही काही तपासत नाही. काय तपासायचं, कुठल्या क्रमाने, आणि कशाला फसायचं नाही, एवढंच इथे लिहायचं आहे. लिहिताना डोळ्यासमोर काउन्सेलर आहेत, आउटरीचचं काम करणारे आहेत आणि घरातली ती एक व्यक्ती आहे, जिला रुग्णाच्या एचआयव्हीबद्दल सगळं माहीत आहे.

एचआयव्हीला मेंदूत पोहोचायला वर्षं लागत नाहीत. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच तो तिथे असतो. रक्तातल्या संसर्ग झालेल्या पांढऱ्या पेशी मेंदूची संरक्षक भिंत ओलांडतात, त्यांच्यासोबत तो आत शिरतो. न्यूरॉन्सवर, म्हणजे मेंदूच्या चेतापेशींवर, तो थेट हल्ला करत नाही. मायक्रोग्लिया आणि रक्तवाहिन्यांभोवतीचे मॅक्रोफेज या रक्षक पेशींत तो ठाण मांडतो. त्या पेशींतून सुटणारी दाहक द्रव्यं आणि विषाणूची प्रथिनं यांनी शेजारच्या न्यूरॉन्सचे आपसातले जोड खराब होतात. एआरटीने विषाणूची वाढ थांबते, रक्तातला विषाणूंचा आकडा म्हणजे व्हायरल लोड दबतो, पण दाह पूर्ण विझत नाही, आणि उपचारांआधी झालेलं नुकसान सगळंच भरून येत नाही. म्हणून रुग्णाचा आजचा सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) 700 असला तरी त्याच्याकडच्या हिरव्या पुस्तिकेची, म्हणजे उपचारांच्या नोंदवहीची, सुरुवातीची पानं उघडून बघावीत. औषध सुरू झालं तेव्हा तो किती होता? आजच्या आकड्यापेक्षा सर्वांत खाली गेलेला आकडा इथे जास्त बोलका असतो. सरकारी मोफत एआरटी 1 एप्रिल 2004 ला सुरू झाली तेव्हा साधारणपणे सीडी-फोर 200 च्या खाली गेल्यावरच गोळ्या मिळायच्या. निदान होताच उपचार हे धोरण 2017 चं. त्यामुळे सेंटरचे जे सर्वांत जुने, सर्वांत नियमित, 'यांची काही काळजी नाही' म्हणावेत असे रुग्ण आहेत, त्यांच्याकडेच या बाबतीत जास्त लक्ष हवं.

आपल्याकडच्या विषाणूबद्दल एक समजूत बराच काळ होती. भारतात प्रामुख्याने सी उपप्रकार आढळतो. त्याच्या टॅट या प्रथिनात 31 व्या जागेवरचं सिस्टीन हे अमिनो आम्ल जाऊन तिथे सेरीन आलेलं असतं, आणि प्रयोगशाळेत हे प्रथिन मेंदूला कमी त्रासदायक दिसलं. त्यावरून भारतीय रुग्णांना हा त्रास फारसा होत नाही असं मानलं गेलं. पुढे पुणे, चेन्नई, बंगळूर इथल्या अभ्यासांत आपल्या रुग्णांमध्येही मेंदूच्या कामात कमतरता दिसली. तेव्हा 'आपल्याकडे हे नसतं' हे वाक्य सोडून द्यायला हरकत नाही.

उलट बाजूची भीतीही तितकीच फुगवलेली आहे. 'एचआयव्ही असलेल्या निम्म्या लोकांना मेंदूचा आजार असतो' हा आकडा इंटरनेटवर सर्रास फिरतो. तो मुख्यतः अमेरिकेतल्या चार्टर या अभ्यासातून आलेला आहे. 1555 जणांचा तो अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. इतर गंभीर कारणं असलेले रुग्ण बाजूला काढल्यावर त्यात 33 टक्के लोक फक्त चाचणीत कमी पडलेले होते, रोजच्या जगण्यात त्यांना काही अडचण नव्हती. सौम्य अडचण असलेले 12 टक्के, आणि डिमेन्शिया असलेले 2 टक्के. या वर्गवारीचे निकष 2007 मध्ये ठरले आणि ते इतके सैल आहेत की एचआयव्ही नसलेल्या निरोगी लोकांना लावले तरी त्यातले वीस टक्क्यांपर्यंत लोक 'बिघाड' या खान्यात पडू शकतात. 2023 मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने यावरच बोट ठेवलं: चाचणीत कमी गुण म्हणजे आजार नव्हे, लक्षणं काय आहेत आणि एचआयव्हीमुळे मेंदूला खरंच इजा झाली आहे का, हे वेगळं बघा. माझं मतही हेच आहे. ज्याला काहीच तक्रार नाही त्याच्या कपाळावर 'लक्षणविरहित बिघाड' असा शिक्का मारून काय साधतं? आधीच एका शिक्क्याचं ओझं वाहणाऱ्या माणसावर दुसरा, एवढंच.

आता खरी लक्षणं. अल्झायमरमध्ये नवी गोष्ट मेंदूत नोंदलीच जात नाही. इथे बहुतेक वेळा नोंद होते, पण बाहेर काढता येत नाही. सामान कपाटात आहे, नेमका खण सापडत नाही, आणि कुणी 'वरचा खण' म्हटलं की लगेच सापडतं. त्यामुळे विसरण्यापेक्षा मंदपणा शोधायचा. किराणा दुकानदाराला पाचशेची नोट घेऊन एकशे त्र्याऐंशी रुपये वजा करायला वेळ लागतो. उत्तर बरोबर येतं, पण तोवर दोन गिऱ्हाइकं निघून गेलेली असतात. एका वेळी एक काम नीट होतं, दोन एकदम आली की दोन्ही बिघडतात: फोनवर बोलता बोलता भाजी करपते, बोलणं संपलं की आपण काय सांगत होतो तेही आठवत नाही. प्रश्न विचारला की उत्तर यायला उशीर होतो, आणि घरच्यांना वाटतं कानाने कमी ऐकू येतं. हातापायांतही फरक पडतो. शर्टाचं बटण लावायला वेळ, पायातली चप्पल निसटणं, जिना उतरताना कठडा धरणं. बँकेत सही जुळत नाही म्हणून फॉर्म परत येतो, ही खूण तर मुद्दाम विचारून घ्यावी.

याच्या जोडीला येणारी निरिच्छता सर्वांत जास्त चुकीची वाचली जाते. माणूस दुःखी नसतो, रडत नाही, पण उठून काही करतही नाही. सांगितलं तर करतो, आपणहून सुरुवात करत नाही. घरात त्याला आळशी म्हणतात, आणि सेंटरवर नैराश्याच्या गोळ्या मिळतात. नैराश्य अर्थातच या रुग्णांत भरपूर असतं आणि ते आधी शोधायलाच हवं. ढोबळ फरक असा: नैराश्यातला माणूस तक्रार फार करतो आणि चाचणीत त्या मानाने बरे गुण मिळवतो, निरिच्छता असलेला स्वतः तक्रारच करत नाही, त्याची तक्रार बायको घेऊन येते. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचार विभागाकडे न्यावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रीही चालतो.

तपासणीच्या टेबलावर सर्वांत आधी एकच प्रश्न: हे कधीपासून? उत्तर 'परवापासून' किंवा 'आठवड्यापासून' असं आलं तर ही चर्चा इथेच थांबवून रुग्णाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. ताप, न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, झटका (फिट), एका बाजूची ताकद जाणं, दुहेरी दिसणं, बडबड किंवा गुंगी यातलं काहीही असेल तर टीबीचा मेंदूज्वर, क्रिप्टोकॉकस ही बुरशी, टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी, स्ट्रोक यांचा विचार आधी. क्रिप्टोकॉकस आणि टॉक्सो बहुतेक वेळा सीडी-फोर 100 च्या खाली असताना येतात. टीबीला असं बंधन नाही, तो कुठल्याही आकड्यावर येतो. हळूहळू एकेका हातापायाची किंवा बोलण्याची ताकद जात असेल तर जेसी विषाणूने होणारा पीएमएल हा मेंदूचा आजार. एचआयव्हीमुळे येणारा मंदपणा महिन्यांच्या गतीने येतो, त्यात शुद्ध हरपत नाही, आणि बोलण्यातले शब्द सुरुवातीलाच हरवत नाहीत.

घाई नसेल तर पुढचे तीन प्रश्न. वारंवार विसरायला होतं का, अगदी महत्त्वाच्या प्रसंगीसुद्धा? विचार करायला, ठरवायला, अडचण सोडवायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो का? एखाद्या गोष्टीवर लक्ष टिकत नाही का? एकाचंही उत्तर ठाम 'हो' असेल तर पाच मिनिटांची चाचणी करावी. ओपीडीत सवयीने वापरली जाणारी एमएमएसई ही तीस गुणांची चाचणी इथे कामाची नाही. ती स्थळकाळाचं भान आणि भाषा बघते, वेग बघतच नाही, आणि मंद झालेला माणूस त्यात तीसपैकी अठ्ठावीस सहज मिळवतो. आंतरराष्ट्रीय एचआयव्ही डिमेन्शिया स्केल 2005 पासून वापरात आहे. त्याला कागद लागत नाही, अक्षरओळख लागत नाही. सेकंद दाखवणारं घड्याळ पुरतं.

ती अशी करायची. समोर बसून सांगायचं, 'काका, मी चार शब्द सांगते, ते लक्षात ठेवा, थोड्या वेळाने विचारणार आहे.' सेकंदाला एक या गतीने: कुत्रा, टोपी, घेवडा, लाल. लगेच परत म्हणवून घ्यायचे. एखादा चुकला तर चारही पुन्हा सांगायचे. याला गुण नाहीत. मग ज्या हाताने जेवत-लिहीत नाहीत त्या हाताचा अंगठा आणि तर्जनी शक्य तितकी फाकवून, शक्य तितक्या वेगाने एकमेकांवर टेकवायची, पाच सेकंद. 15 किंवा जास्त वेळा झालं तर 4 गुण, 11 ते 14 ला 3, 7 ते 10 ला 2, 3 ते 6 ला 1. त्यानंतर त्याच हाताने टेबलावर तीन स्थिती: मूठ, पालथा पंजा, करंगळीच्या बाजूवर उभा पंजा. आधी करून दाखवायचं, दोनदा सराव करू द्यायचा, मग दहा सेकंद. पूर्ण आवर्तनं जितकी तितके गुण, जास्तीत जास्त 4. शेवटी शब्द विचारायचे. आपणहून आठवलेल्या प्रत्येकाला 1. 'एक प्राणी होता', 'अंगावर घालायची वस्तू', 'भाजी', 'रंग' अशी खूण दिल्यावर आठवला तर अर्धा. एकूण 12. दहा किंवा कमी आले तर पुढची तपासणी. समजा बोटं 12 वेळा टेकली, आवर्तनं दोन झाली, दोन शब्द आपणहून आणि एक खुणेवर आला: 3 अधिक 2 अधिक 2.5, म्हणजे 7.5.

या चाचणीत काय बिघडतं? सवयीचा हात वापरू दिला की गुण फुगतात. आवर्तनं करताना आपण सोबत करत राहिलो तर तो फक्त नक्कल करतो. शब्द सांगून झाल्यावर फोन आला आणि दहा मिनिटं गेली तर आठवणीचे गुण निरर्थक. संधिवात, जुनं फ्रॅक्चर, वर्षानुवर्षं कुदळ-फावडं चालवून आखडलेली बोटं, जुन्या गोळ्यांमुळे आलेली मुंग्या-बधिरता यांनी वेग आपोआप कमी होतो. तो मेंदूचा दोष नाही. रात्रभर एसटीने येऊन, रक्त द्यायला उपाशीपोटी बसलेल्या माणसाची चाचणी त्या सकाळी घेऊच नये. चहा-नाश्ता होऊ द्या. दुसऱ्या टोकाला, शिक्षक किंवा हिशेबनीस असलेला माणूस पूर्वीच्या मानाने बराच घसरूनही 12 पैकी 11 मिळवेल. तिथे त्याचं स्वतःचं म्हणणं गुणांपेक्षा वरचढ मानावं.

गुण कमी आले म्हणून लगेच एचआयव्हीवर खापर नको. आधी बरी होणारी कारणं. हिमोग्लोबिन, साखर, सोडियम, क्रिएटिनिन, लिव्हर, टीएसएच (थायरॉइड), बी-12, व्हीडीआरएल (सिफिलिस), हिपॅटायटिस सी, आणि ताजा व्हायरल लोड. शाकाहारी माणूस वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेत असेल तर बी-12 ची शंका दुप्पट. व्हीडीआरएल जुना असेल तर परत करावा, कारण सिफिलिस मेंदूत जाऊन अगदी असंच चित्र उभं करतो. दारू किती, हे एकट्यात विचारावं. बीपी आणि साखर वाढलेली असणं हे पन्नाशीपुढच्या रुग्णांत मेंदू मंद होण्याचं फार मोठं कारण आहे, आणि एआरटी सेंटरवर बीपी दर वेळी मोजलं जातंच असं नाही.

मग औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगावी. तोंडी यादीवर विश्वास ठेवू नये. तळपायाच्या आगीसाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन, झोपेसाठी अल्प्राझोलम, सर्दीची क्लोरफेनिरामिन, या तिन्हींनी डोकं जड होतं. सेकंड लाइनवरच्या, म्हणजे पहिली औषधं बदलून दुसरी चालू असलेल्या रुग्णाला रिटोनाविर चालू असेल तर अल्प्राझोलमचा अंमल वाढतो आणि लांबतो. एफाविरेन्झ 600 या जुन्या एचआयव्ही गोळीवर अजून कुणी असेल तर भलतीसलती स्वप्नं, चक्कर, दिवसा गुंगी हे त्याच गोळीचे ओळखीचे त्रास आहेत. काही जणांच्या शरीरात ती हळू विघटित होते, साचत जाते, आणि वर्षांनंतरही तोल जाणं, डोकं न चालणं सुरू होऊ शकतं. गोळी बदलल्यावर पुष्कळदा सुधारतं. आताच्या गोळीतल्या डोल्युटेग्राविरने काहींची झोप उडते. झोप नाही तर लक्ष नाही. अशा वेळी डॉक्टरांना विचारून टीएलडी (डोल्युटेग्राविर असलेली एकत्रित गोळी) रात्रीऐवजी सकाळी घ्यावी.

आणि इथे एक सापळा आहे. डोकं चालत नाही म्हणून माणूस मेडिकलमधून 'मेमरीचं' टॉनिक किंवा मल्टिव्हिटॅमिन आणतो. त्यातलं लोह, कॅल्शियम, झिंक डोल्युटेग्राविरला पोटातच बांधून ठेवतं आणि औषध रक्तात कमी जातं. ॲसिडिटीच्या मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमच्या गोळ्याही तेच करतात. टीएलडी अशा गोष्टींच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. लोह-कॅल्शियम एकत्रच घ्यायचं झालं तर भरल्या पोटी. या आजारासाठी सिद्ध झालेली अशी वेगळी गोळी नाही. मेमँटिन, सेलेजिलिन, मिनोसायक्लिन यांचे प्रयोग झाले, ठोस फायदा दिसला नाही. हजार रुपयांची बाटली विकणाऱ्याला हे ठाऊक नसतं असं नाही.

सगळं तपासून झालं, रक्तातला लोड दबलेला आहे, तरी रुग्ण महिन्यागणिक घसरतो आहे, हात थरथरतात, चाल बिघडली आहे, एखादा झटका आला, तर एमआरआय आणि पाठीतलं पाणी काढणं टाळू नये. त्या पाण्याचा व्हायरल लोड मुद्दाम मागावा लागतो. नेहमीच्या तपासणीत तो नसतो. रक्तात विषाणू सापडत नाही आणि मेंदूभोवतीच्या द्रवात सापडतो, असं घडतं. भारतात असे रुग्ण नोंदले गेले आहेत, आणि त्यांत अटाझानाविर-रिटोनाविरवर असलेले ठळकपणे दिसतात, कारण हे औषध त्या द्रवात कमी पोहोचतं. औषधांना आधीच प्रतिरोध मिळवलेला विषाणू तिथे वाढत राहतो. प्रतिरोध चाचणी बघून, मेंदूत नीट पोहोचणारी औषधं दिली की यातले बरेच जण चांगले सुधारतात. म्हणूनच 'लोड टीएनडी आहे (म्हणजे रक्तात विषाणू सापडला नाही), मग काही नाही' हे वाक्य घसरत्या रुग्णासमोर उच्चारू नये.

गोळ्या मोजणं हे सेंटरवर हजेरीसारखं उरकलं जातं, पण नीट मोजल्या तर तीच एक चाचणी आहे. 30 ची डबी दिली, रुग्ण 28 दिवसांनी आला: 2 उरायला हव्यात. 5 उरल्या तर 25 घेतल्या, म्हणजे 89 टक्के, अपेक्षित 95 च्या खाली. हे सगळ्यांना कळतं. पण डबी रिकामी आली तर? आपण 'शाब्बास' म्हणून पुढची डबी देतो. दोन गोळ्या जास्त गेल्या आहेत. घेतलेली आठवली नाही म्हणून परत घेतली, ही शक्यता मोठी. चुकून एखाद्या दिवशी दोन गेल्या तर घाबरायचं कारण नाही, सेंटरला सांगावं, पण ते घडतं आहे हे कळायला हवं.

त्यावर उपाय साधे आहेत. सात खणांची डबी, वारांची नावं मराठीत लिहून. त्यात आठवड्याच्याच गोळ्या काढाव्यात, बाकी मूळ डबीत, ओलावा शोषणाऱ्या पुडीसकट. पावसाळ्यात तर हे नक्कीच. गोळी रोजच्या न चुकणाऱ्या कामाला जोडावी: देवपूजा, पहिला चहा, दात घासणं. मोबाइलचा अलार्म लावताना नाव 'व्हिटॅमिन' ठेवावं, आणि तो गोळी गिळल्यावरच बंद करायचा. आधी बंद करून 'घेतो नंतर' म्हटलं की ती गेली. दहा मिनिटांनी दुसरा अलार्म असावा. गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्यावी, पण पुढच्या गोळीला चार तासांहून कमी उरले असतील तर सोडून द्यावी, दुप्पट करू नये.

सूचना देताना एका वेळी एकच द्यावी, आणि 'समजलं ना?' असं विचारू नये. मान सगळेच हलवतात. 'घरी गेल्यावर काय करणार ते मला सांगा' असं म्हणावं. यूपीआयचा पिन, गॅस, मोटारसायकल या तीन गोष्टी घरच्या माणसाशी स्पष्ट बोलाव्यात. घरचं म्हणजे ज्याला रुग्णाने स्वतः सांगितलं आहे तेच. मंदपणा आला म्हणून भावाला किंवा मालकाला परस्पर कळवण्याचा हक्क कुणालाही मिळत नाही. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे आणि त्यात संमतीशिवाय माहिती उघड करायला मनाई आहे. शंका असेल तर 1097 या एचआयव्ही हेल्पलाइनवर विचारता येतं.

चाचणी सहा महिन्यांनी परत करावी. शब्द बदलायचे, नाहीतर सरावाने आठवतात: मांजर, सदरा, गवार, पिवळा चालतील, म्हणजे खुणा त्याच राहतात. हात तोच, शक्यतो दिवसाची वेळही तीच. आणि गुणांची नुसती बेरीज न लिहिता 3, 2, 2.5 असे सुटे आकडे तारखेसह सेंटरवरच्या पांढऱ्या कार्डावर टिपावेत, कारण बेरीज तीच राहून बोटांचा वेग घसरलेला असू शकतो.